एका बुरशीचे दोन जन्म

“बुरशी म्हणजे आपल्या लोणच्यावर येते तीच का गं?”

तिळू गेली त्या दिवशी आईनं साताऱ्याहून फोनवर हे विचारलं. मला तेव्हा धड बोलता येत नव्हतं, म्हणून मी नुसतं “नाही गं” म्हणाले. प्रश्न मात्र मनात राहिला. पुढचे कितीतरी महिने मी या बुरशीविषयी मिळेल ते वाचलं, पशुवैद्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. हा लेख म्हणजे आईच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं, पण नीट दिलेलं उत्तर आहे. अमेरिकेच्या या भागात कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक मराठी घरात ते पोचावं असं मला मनापासून वाटतं.

तिळू आमच्याकडे संक्रांतीच्या दिवशी आली, म्हणून तिचं नाव तिळू. डॅशहंड जातीची, जेमतेम सात किलोंची. लांब अंग, आखूड पाय, आणि नाक कायम जमिनीपासून चार बोटांवर. जर्मनीत बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळात शिरण्यासाठी ही जात तयार केली गेली. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजरच. आम्ही राहतो त्या विस्कॉन्सिनलाही ‘बॅजर राज्य’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात शिशाच्या खाणींवर आलेले कामगार थंडीत डोंगरउतारावर बिळं खणून राहत, त्यावरून हे नाव पडलं. उकरणं तिळूच्या रक्तातच होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, आम्ही राज्याच्या उत्तरेला एका तळ्याकाठी तीन दिवस राहिलो. पाण्याच्या कडेला एक कुजलेला ओंडका पडला होता. तिळू तिन्ही दिवस त्याच्याखालची माती उकरत होती. माझ्या मुलीनं काढलेला एक फोटो आहे: नाकाच्या शेंड्यावर काळी माती आणि शेपटी हवेत. नोव्हेंबरच्या मध्यावर तिळूला खोकला सुरू झाला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. तेव्हा ती पाच वर्षांची होती.

आजाराचं नाव ब्लास्टोमायकोसिस. इथले लोक त्याला नुसतं ‘ब्लास्टो’ म्हणतात.

मातीतला जन्म

आईच्या प्रश्नात निम्मं उत्तर होतंच. लोणच्यावर किंवा शिळ्या पावावर येणारी बुरशी बारीक तंतूंनी पसरते. ब्लास्टोमायसिस ही बुरशीसुद्धा मातीत असताना अशीच तंतूंच्या जाळ्यात राहते. कुजणारं लाकूड, सडलेली पानं, जनावरांची विष्ठा यांवर ती पोसते. तिला ओलावा लागतो, थोडी आम्लधर्मी आणि बऱ्याचदा रेताड माती मानवते. म्हणून नदीचा काठ, तळ्याची कड, दलदलीलगतचं रान ही तिची आवडती ठिकाणं. तंतूंच्या टोकांना बीजाणू धरतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन ते दहा भाग भरतील एवढाच एकेका बीजाणूचा आकार. माती उकरली, ओंडका हलवला, पाया खणला की ते हवेत उठतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

ही बुरशी सगळीकडे नाही. मिसिसिपी आणि ओहायो नद्यांची खोरी, ग्रेट लेक्सच्या भोवतालची राज्यं, सेंट लॉरेन्स नदीचा काठ आणि कॅनडातला ओंटारिओ, मॅनिटोबाकडचा भाग हा तिचा मुख्य मुलूख. शिकागो, मिलवॉकी, मिनियापोलिस ही मराठी माणसं वस्ती करून असलेली शहरं याच पट्ट्यात येतात. एकेकाळी या आजाराला ‘शिकागोचा आजार’ असंही म्हणत.

ती नक्की कुठे राहते हे सिद्ध व्हायला मात्र फार काळ लागला, कारण मातीचा नमुना घेऊन त्यातून ही बुरशी वाढवून दाखवणं अतिशय अवघड असतं. मोठा पुरावा मिळाला तो आमच्याच राज्यात. १९८४ साली उत्तर विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हर इथे शाळेच्या मुलांचं शिबिर भरलं होतं. मुलं बीव्हर नावाच्या प्राण्यानं बांधलेल्या घराजवळ, पाण्याकाठी खेळली. पुढे ज्या ९५ जणांची तपासणी झाली त्यांतल्या ४८ जणांना ब्लास्टो झालेला आढळला. डॉ. ब्रूस क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बीव्हरच्या घरातल्या मातीतून आणि जवळच्या कुजक्या लाकडातून ही बुरशी वाढवून दाखवली आणि १९८६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक आकडा मला आज सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलांना लक्षणं दिसायला साधारण ४५ दिवस लागले होते. कुणाला २१, तर कुणाला १०६.

म्हणजे सहल संपून, फोटो भिंतीवर लागून, सगळं विसरून झाल्यावर आजार उगवतो. कुत्र्यांमध्येही हा काळ साधारण पाच ते बारा आठवड्यांचा असतो. तिळूचा खोकला दहाव्या आठवड्यात सुरू झाला. तळ्याची आठवण तोवर कुणाच्याच मनात नव्हती.

फुप्फुसातला जन्म

आता आईच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर. लोणच्यावरची बुरशी शरीराच्या उबेत सहसा तग धरत नाही. ब्लास्टोची बुरशी मात्र उबेत रूपच पालटते.

श्वासाबरोबर आत गेलेला बीजाणू इतका बारीक असतो की तो थेट फुप्फुसाच्या शेवटच्या, हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचतो. तिथे त्याला सदतीस अंशांच्या पुढची ऊब मिळते. कुत्र्याचं अंग तर आपल्याहूनही थोडं गरम, अडतीस-साडेअडतीस अंशांचं. या उबेत बीजाणू तंतू काढायचं सोडून देतो आणि गोल, जाड सालीची पेशी होतो. पाव फुगवणारं यीस्ट असतं त्या जातीचं हे रूप. या पेशीला कळी फुटते, कळी मोठी होऊन सुटी होते, तिला पुन्हा कळी. सूक्ष्मदर्शकाखाली ही कळी ओळखू येते ती तिच्या जोडावरून. दोन ओले तिळाचे लाडू एकमेकांना दाबून चिकटवावेत तसा तो जोड रुंद असतो. इतर बहुतेक बुरश्यांच्या कळ्या बारीक देठावर असतात.

शरीराच्या रक्षक पेशी बीजाणूला गिळू शकतात. पण एकदा तो यीस्ट झाला की आकार साधारण आठ ते पंधरा हजारांश मिलिमीटर होतो, साल जाड होते आणि गिळणं कठीण जातं. शिवाय यीस्टच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याचं नाव बीएडी-१. ते यजमानाच्या पेशींना चिकटायला मदत करतं आणि शरीराच्या प्रतिकाराची धार बोथट करतं. मग ही पेशी रक्तातून आणि लसिकेतून पुढचा प्रवास करते: लसिकाग्रंथी, त्वचा, डोळे, हाडं, कधी मेंदू.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत ‘काळ्या बुरशी’ची दहशत पाहिली आहे. ती बुरशी वेगळी. मधुमेहानं किंवा स्टेरॉइडनं दुबळ्या झालेल्या शरीरावर तिनं मुख्यतः घाला घातला. ब्लास्टोला तशी वाट पाहावी लागत नाही. धडधाकट, उड्या मारणारं कुत्रंही त्याला चालतं. माणसापेक्षा कुत्र्याला हा आजार कितीतरी अधिक सहज होतो, कारण कुत्र्याचं नाक मातीत असतं आणि माणसाचं पाच फुटांवर. मोठ्या शिकारी जातींच्या तरुण कुत्र्यांमध्ये तो जास्त दिसतो, त्यामुळे आमच्या सात किलोंच्या तिळूला पाहून कुणाच्या मनात ते नाव आलं नाही. बुरशीला जात आणि वजन कळत नाही. नाक कुठे गेलं होतं एवढंच मोजलं जातं.

खोकल्याचा चकवा

रानात चकवा लागतो तेव्हा माणूस चालत असतो, वाट ओळखीची वाटते, आणि तो त्याच जागी फिरत राहतो. ब्लास्टोच्या बाबतीत आमचं तेच झालं.

पहिल्यांदा तिळू पायऱ्या चढून आली की दोनदा खोकायची. मग जेवण अर्धं ठेवू लागली. ताप होता. दवाखान्यात छाती ऐकून न्यूमोनियाची शंका आली आणि अँटिबायोटिक सुरू झालं. दहा दिवसांत फरक नाही, म्हणून दुसरं अँटिबायोटिक. पुढच्या उजव्या पायानं ती लंगडू लागली, तेव्हा सोफ्यावरून उडी मारताना मुरगळला असेल असं आम्हीच म्हणालो. एक डोळा लाल आणि धुरकट झाला, त्यासाठी थेंब आले. खोकला, लंगडणं आणि डोळा ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत असं समजून आम्ही तीन वेगळी औषधं देत राहिलो. ते एकच दुखणं होतं.

अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा अगदी निराळी आणि रचनेत आपल्या पेशींच्या जवळची, त्यामुळे अँटिबायोटिकनं तिला काही होत नाही. याहून मोठा धोका स्टेरॉइडचा. खोकला किंवा सूज कमी व्हावी म्हणून निदानाआधी नुसतं स्टेरॉइड दिलं, तर दोन दिवस कुत्रं बरं दिसतं आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं.

नावानंही दिशाभूल केली आहे. बाल्टिमोरमधले त्वचारोगतज्ज्ञ थॉमस कॅस्पर गिलख्रिस्ट यांनी १८९४ मध्ये हा आजार पहिल्यांदा वर्णन केला, तो कातडीवरच्या जखमेवरून. १८९८ मध्ये त्यांनी आणि विल्यम स्टोक्स यांनी ही बुरशी असल्याचं दाखवून तिला ‘डर्माटायटिडिस’ म्हणजे त्वचेची असं नाव दिलं. मूळ दार फुप्फुस आहे आणि त्वचा हे बहुतेक वेळा पुढचं ठिकाण आहे, हे १९५१ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर स्पष्ट झालं. नाव मात्र तेच राहिलं.

शोधायचं कसं

तिळूच्या बाबतीत चकवा मोडला तो छातीच्या एक्स-रेनं. निरोगी फुप्फुस फिल्मवर काळं दिसतं. तिळूचं फुप्फुस बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी भरलं होतं, जणू रात्रीच्या अंधारात हिमवर्षाव चालू आहे. पशुवैद्य या चित्राला ‘हिमवादळ’ म्हणतातच. ते पाहून डॉक्टरीणबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, “गेल्या तीन-चार महिन्यांत हिला कुठे तळ्याकाठी, रानात नेलं होतं का?”

हा प्रश्न तीन आठवड्यांत पहिल्यांदा आला होता. मी फोन काढून तो फोटो दाखवला.

हिमवादळ दिसलं म्हणजे ब्लास्टोच असं नाही. कर्करोग पसरला तरी चित्र सारखं दिसू शकतं. म्हणून पुढच्या दोन तपासण्या असतात. सुजलेल्या लसिकाग्रंथीत किंवा त्वचेवरच्या फोडात बारीक सुई घालून पेशी काढतात आणि काचपट्टीवर रंगवून पाहतात. रुंद जोडाची ती कळी दिसली की निदान पक्कं, आणि तेही तासाभरात. दुसरी तपासणी लघवीची. यीस्टच्या सालीचे तुकडे रक्तातून गाळून लघवीत उतरतात, ते प्रयोगशाळेत मोजता येतात. आजार असलेल्या दहातल्या नऊ कुत्र्यांमध्ये ही तपासणी तो पकडते. सुई नाही, भूल नाही, फक्त थोडी लघवी. हिस्टोप्लाझ्मा नावाच्या दुसऱ्या बुरशीमुळेही ती होकारार्थी येऊ शकते, पण दोन्हींवरचं औषध बरंचसं एकच असल्यानं उपचार अडत नाहीत.

बुरशी वाढवून पाहणं, म्हणजे कल्चर, छोट्या दवाखान्यात करत नाहीत. कारण त्यात यीस्ट पुन्हा तंतूंच्या रूपात जातं, बीजाणू धरतं आणि बशी उघडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाऊ शकतं. एवढ्यावरूनच दुसरी एक गोष्ट कळते. आजारी कुत्र्याच्या अंगात असतं ते यीस्ट, आणि यीस्ट खोकल्यावाटे हवेतून लागत नाही. चावा किंवा सुई टोचणं असे अगदी विरळ अपवाद सोडले, तर कुत्र्यापासून माणसाला ब्लास्टो होत नाही. माझी मुलगी शेवटपर्यंत तिळूला छातीशी धरून बसली, आणि ते बरोबरच होतं.

औषध आणि पहिला आठवडा

मुख्य औषध इट्राकोनॅझोल. भारतात त्वचेच्या डॉक्टरांकडून गजकर्णासाठी मिळणाऱ्या कॅप्सूलमुळे हे नाव अनेकांच्या ओळखीचं असेल. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. इट्राकोनॅझोल एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. आवरण विरतं, पेशी वाढायची थांबते. हे काम सावकाश होतं, म्हणून औषध महिनोन्‌महिने चालतं: किमान दोन-तीन महिने, बऱ्याचदा सहा, आणि सगळी लक्षणं गेल्यावरही आणखी एक महिना. अधूनमधून यकृताची रक्ततपासणी लागते. अवस्था गंभीर असेल तर अँफोटेरिसिन-बी हे जुनं, जोरकस औषध शिरेतून देतात, पण मूत्रपिंडांवर डोळा ठेवून.

लहान कुत्र्याच्या बाबतीत एक अडचण असते. किलोमागे पाच मिलिग्रॅम धरले तर तिळूला दिवसाला पस्तीस मिलिग्रॅम पुरे होते, आणि कॅप्सूल येते शंभरची. अशा वेळी औषधाची पूड आणून छोट्या पुड्या किंवा गोळ्या बनवून घेण्याचा मोह होतो. तशा बनवलेल्या इट्राकोनॅझोलचं शोषण भरवशाचं नसतं. औषध पोटात जातं पण रक्तात उतरत नाही. कंपनीचं तयार द्रवरूप औषध मिळतं, त्यातून छोटी मात्रा अचूक मोजता येते. लहान कुत्रं असलेल्यांनी हे आवर्जून विचारावं.

वेळेवर औषध मिळालेली साधारण चारातली तीन कुत्री वाचतात. त्यांतल्या काहींना, सुमारे पाचातल्या एकाला, आजार उलटतो आणि पुन्हा औषध घ्यावं लागतं. मेंदूत शिरलेला ब्लास्टो फार वाईट. आणि जी कुत्री जातात, त्यांतली बरीचशी उपचारांच्या पहिल्या आठवड्यातच जातात.

हे शेवटचं वाक्य कळायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. औषध लागू पडतं, यीस्टच्या पेशी मोठ्या संख्येनं मरू लागतात, त्यांच्या फुटक्या साली फुप्फुसात पडतात. शरीराच्या रक्षक पेशी तिकडे धावतात, सूज येते, पाणी साचतं. फुप्फुसाचा बराच भाग आधीच व्यापलेला असेल, तर या सुजेला पुरेल एवढी मोकळी जागा उरत नाही. म्हणून काही डॉक्टर बुरशीच्या औषधाबरोबर अगदी थोडे दिवस सूज उतरवण्याइतकं स्टेरॉइड देतात. आधी सांगितलेला धोका वेगळा. तिथे बुरशीचं औषध नसतं.

तिळूला औषधाच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनच्या काचपेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिनं शेपटी हलवली. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. मी कितीतरी दिवस मानत होते की औषधानंच तिला मारलं, आणि मीच ते तिला भरवलं. ज्या घरात असंच झालं असेल त्यांना मला सांगायचंय: औषध चुकीचं नव्हतं. ते योग्य होतं आणि उशिरा आलं होतं. या दोन गोष्टींमध्ये फरक आहे, आणि तो समजला की स्वतःला लावलेला दोष थोडा सैल होतो.

हातात काय आहे

ब्लास्टोवर लस नाही. अंगण धुऊन किंवा फवारणी करून ही बुरशी जात नाही. सगळी तळी टाळा असंही मी म्हणणार नाही. या राज्यात पंधरा हजारांवर तळी आहेत आणि कुत्र्यांना ती हवीहवीशी वाटतात. पाण्याच्या कडेचं कुजकं लाकूड आणि बीव्हरची घरं इथे उकरू न देणं, शेजारी पाया खणला जात असेल तर कुत्र्याला दुसऱ्या वाटेनं फिरवणं, एवढं जमण्यासारखं आहे. त्यानं धोका कमी होतो, संपत नाही.

घरातल्या माणसांसाठीही एक गोष्ट. कुत्र्याला माणसापासून किंवा माणसाला कुत्र्यापासून हा आजार लागत नसला, तरी दोघांनी हवा तीच घेतलेली असते. कुत्र्याला ब्लास्टो निघाला आणि घरात कुणाचा खोकला हटत नसेल, तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याचं निदान जरूर सांगावं.

महाराष्ट्रात ब्लास्टो सापडणं फारच विरळ, त्यामुळे तिथल्या वाचकांनी घाबरू नये. पण कबुतरांच्या विष्ठेत वाढणाऱ्या क्रिप्टोकॉकससारख्या दुसऱ्या बुरश्या तिथे आहेत, आणि अँटिबायोटिकनं न हटणाऱ्या दुखण्याचा नियम तिथेही तोच.

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वेळ वाचवणं, आणि तो एका वाक्यानं वाचतो. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगायचं: “आम्ही अमुक महिन्यात अमुक तळ्याकाठी गेलो होतो, हिनं माती उकरली होती. ब्लास्टो असेल का? लघवीची तपासणी करू या का?” अँटिबायोटिकच्या पहिल्या फेरीनं खोकला गेला नाही, किंवा खोकल्याबरोबर लंगडणं, लाल डोळा, न भरणारी जखम, उतरणारं वजन यांतलं एक जरी दिसलं, तर हे वाक्य उच्चारायचं. सहलीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या तर ते वेळेवर आठवतं.

परवा मी हे सगळं आईला फोनवर समजावून सांगितलं. लोणच्यापासून सुरुवात केली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तिनं उकरलं नसतं तर वाचली असती का गं?”

मी म्हटलं, “आई, उकरणं हा तिचा स्वभाव होता. त्या तीन दिवसांत ती फार सुखात होती. आम्हाला एक वाक्य माहीत असतं, तर कदाचित वाचली असती.”

ते वाक्य आता इथे लिहून ठेवलं आहे.